सेवाशुल्काच्या वादात वेटर कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उपाहारगृहांतील सेवाशुल्कावर जी चर्चा होते, ती बहुधा ‘ग्राहकाची लूट’ या एकाच मुद्द्यावर थांबते. दोन ठिकाणी मित्रांसोबत जेवताना या प्रश्नाची दुसरी बाजू मला दिसली, म्हणून हे पत्र.

गेल्या मे महिन्यात आम्ही चार वर्गमित्र इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या ग्रामीण भागातील एका ‘कंट्री हाउस’ उपाहारगृहात जेवायला गेलो होतो. कंट्री हाउस म्हणजे तिकडच्या जमीनदाराचे खेड्यातले ऐसपैस घर. दोन महायुद्धांच्या काळात वारसा कराचा बोजा वाढला, घरकामाला माणसे मिळेनाशी झाली आणि अशी शेकडो घरे जमीनदोस्त झाली. वाचली त्यांपैकी काहींची पुढे हॉटेले झाली. लेक डिस्ट्रिक्टमध्ये अल्सवॉटर सरोवराकाठी फ्रान्सिस कोलसन यांनी १९४८ मध्ये सुरू केलेले ‘शॅरो बे’ हे या परंपरेतले आद्य हॉटेल मानले जाते. नोकरचाकर परवडेनात म्हणून जी घरे ओस पडली, तिथेच आज माणसे कुणीतरी अदबीने वाढावे यासाठी पैसे मोजून जातात.

जेवण तीन तास चालले. आधी दिवाणखान्यात पेयपान, तिथेच पदार्थांची निवड, मग जेवणघर आणि शेवटी कॉफीसाठी पुन्हा दिवाणखाना. आमच्यातील दोघे शाकाहारी. त्यांच्यासाठी वेगळे मेन्यूकार्ड होते आणि हंगाम असल्याने परसबागेतले अ‍ॅस्परॅगसचे कोवळे कोंब होते. (मीठ मात्र आम्हाला मागून घ्यावे लागले.) माणशी ९५ पौंड आणि पेयांचे ८० मिळून बिल ४६० पौंडांचे झाले. त्याखाली साडेबारा टक्के ‘ऐच्छिक’ सेवाशुल्क, म्हणजे ५७ पौंड ५० पेन्स लावलेले होते. रुपयांत हिशेब करायची आपली खोड जात नाही. सहा हजारांवरची ही रक्कम पाहून मी ती वगळायला सांगणार होतो, तेवढ्यात तिथे स्थायिक झालेल्या मित्राने मला थांबवले. हे पैसे मालकाला ठेवता येत नाहीत, असे तो म्हणाला.

ते खरे आहे. २०२३ मध्ये संमत झालेला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये लागू असलेला टिपवाटपाचा कायदा सांगतो की टिप आणि सेवाशुल्काची रक्कम, कर वगळता कोणतीही कपात न करता, पुढील महिना संपण्यापूर्वी कर्मचाऱ्यांना वाटलीच पाहिजे. वाटपाचे धोरण लेखी असावे लागते आणि नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात. टिपचे पैसे किमान वेतनात धरण्याची पळवाट तर तिथे २००९ मध्येच बंद झाली आहे. आम्हाला वाढणारी मुलगी त्याच आवारात राहत होती, कारण रात्री अकरानंतर त्या गावातून बस नाही. अशा आडजागी काम करणाऱ्याला या रकमेचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको.

याउलट पाचगणीच्या परिसरात एका जुन्या बंगल्यातील उंची उपाहारगृहात आम्हीच मित्र जेवलो, तेव्हा ७,२०० रुपयांच्या बिलावर दहा टक्के सेवाशुल्क न विचारता लावलेले होते आणि जीएसटीही त्या ७२० रुपयांसह आकारला होता. बिलाचे पाकीट घेऊन आलेला मुलगा हळूच म्हणाला, “साहेब, यातलं आम्हाला काही मिळत नाही.” आम्ही त्याच्या हातावर वेगळे तीनशे रुपये ठेवले, ते त्याने इकडेतिकडे पाहून घाईने खिशात टाकले.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सेवाशुल्क आपोआप बिलात घालता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती तत्त्वे वैध ठरवली. पाचगणीच्या त्या जेवणानंतर आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायला हवी होती; केली नाही, ही आमची चूक. परंतु ही तत्त्वे ग्राहक संरक्षण कायद्याखालची असल्यामुळे त्यांना काळजी आहे ती ग्राहकाच्या खिशाची. ग्राहकाने राजीखुशीने दिलेले पैसे पुढे कोणाकडे जातात, हा प्रश्न तिथे उरतोच.

शुल्कच बंद झाल्यावर हा प्रश्न कशाला, असे कोणी म्हणेल. पण पूर्वी बडीशेपेच्या ताटलीत ठेवलेली नोट वेटर उचलत असे. आता सुट्टे कोणाजवळ नसतात, आपण टिपही बिलासोबतच क्यूआर कोडवर भरतो, आणि तो कोड मालकाच्या खात्याचा असतो. तेव्हा राज्याच्या कामगार विभागाने निदान एवढे बंधन घालावे की बिलापेक्षा जास्त आलेली रक्कम उपाहारगृहाने वेगळी नोंदवावी, ती कर्मचाऱ्यांत कशी वाटली जाते हे गल्ल्याजवळ मराठीत लिहून लावावे आणि तो हिशेब मागण्याचा अधिकार वेटरला असावा.

आपला,
एक वाचक, पुणे