बर्फ थांबल्यानंतरची सकाळ

महोदय,

उन्हाळी सुट्टीतल्या हिमालयीन ट्रेकच्या जाहिरातींत 'एप्रिलमध्येही बर्फ' असं हमखास लिहिलेलं असतं. त्या बर्फाबद्दल मला काही सांगायचं आहे.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही बारा जण उत्तराखंडात एका खिंडीखाली तंबूत होतो. पश्चिमी प्रक्षोभामुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेमुळे, दोन रात्री सलग बर्फ पडला. तिसऱ्या सकाळी आभाळ निळंशार, ऊन लख्ख. आम्ही बूट बांधून तयार, आणि वाटाड्या म्हणाला, "आज नहीं."

आम्ही हुज्जत घातली. माझा आवाज तर चांगलाच चढला होता. त्याने उत्तर दिलं नाही. तंबूमागच्या उतारावर कमरेइतका खड्डा खणला आणि त्याची उभी बाजू हाताने साफ केली. वर नव्या बर्फाचा जाड थर, खाली जुना टणक बर्फ, आणि दोहोंच्या मध्ये जाड्या मिठासारखे सुटे कण. बोट फिरवताच ते भुरुभुरु गळाले. वरचा थर त्यांच्यावर नुसता टेकला होता.

साडेअकराच्या सुमारास समोरच्या उतारावर एक आडवी रेघ उमटली आणि उतारच्या उतार खाली सरकला. आवाज मागाहून आला. आमची वाट तिथूनच जाणार होती.

हिमस्खलन म्हणजे अचानक वरून कोसळणारं संकट, असं मला वाटायचं. पण त्यात सापडलेल्या बहुतेक गिर्यारोहकांच्या बाबतीत तो थर त्यांच्या किंवा सोबत्यांच्याच वजनाने सुटलेला असतो. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे, आणि चालायला तेच बरे वाटतात! वादळातला वारा धारेपलीकडे, आडोशाला बर्फ रचत जातो. तंबूपाशी फूटभर पडला म्हणून तिथेही फूटभरच असेल असं नाही. त्यात वसंतातलं ऊन बर्फ ओला, जड करतं. गाडलेल्या माणसाला पंधरा मिनिटांत काढलं तर आशा असते, पुढे ती झपाट्याने घटते. कोसळून थांबलेला बर्फ इतका घट्ट बसतो की हाताने उकरता येत नाही. आमच्या बारा जणांत फावडं एकच होतं, गाडलेल्याचा ठाव सांगणारं रेडिओ यंत्र, म्हणजे ट्रान्सीव्हर, एकही नाही.

२३ एप्रिल २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात सुमना इथे रस्त्याच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन कोसळलं, तेही सलग काही दिवसांच्या बर्फवृष्टीनंतर.

आयोजकांनी कार्यक्रमात दोन राखीव दिवस धरावेत, डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संघटनेच्या) चंडीगडमधील संस्थेचे हिमस्खलनाचे इशारे रोज पाहावेत, आणि वाटाड्या नाही म्हणाला म्हणून त्याचे पैसे कापू नयेत. आमच्या वाटाड्याचे दोन दिवसांचे पैसे कापले गेले होते, खिंड पार झाली नाही म्हणून. आम्हाला हे घरी परतल्यावर कळलं. आम्ही वर्गणी काढून ते त्याला पाठवले.

— एक निवृत्त शिक्षिका