माडीवरची खोली

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "ऑफिस नाही, साहेब समोर नाही, मग ही नोकरी कसली?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

कंपनी जर्मनीची. छोट्या दुकानदारांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करते. ते कुठे अडलं की लोक ईमेल करतात, त्यांना उत्तरं द्यायचं काम माझं. पुण्यात सहा वर्षं हेच केलं, फक्त हिंजवडीला जाण्या-येण्यात रोज तीन तास जायचे.

ही नोकरी मिळायला सात महिने लागले. तुम्ही काळजी कराल म्हणून बोलले नव्हते. पहिले 60 अर्ज तर वायाच गेले. वर 'रिमोट', म्हणजे घरूनच काम, असं लिहिलेलं असायचं आणि खाली बारीक अक्षरात, फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी. मग जाहिरात शेवटपर्यंत वाचल्याशिवाय अर्ज करायचा नाही असं ठरवलं. चार पानी बायोडेटा एका पानावर आणला आणि चिडलेल्या ग्राहकांना मी लिहिलेली तीन उत्तरं, नावं-गावं काढून, सोबत जोडली. त्यानंतर मुलाखती सुरू झाल्या.

मध्ये एकदा फसता फसता वाचले. चॅटवरच मुलाखत, दुसऱ्या दिवशी नेमणुकीचं पत्र, आणि लॅपटॉपसाठी 12,000 रुपये अनामत. मी पैसे पाठवायलाच बसले होते. आई, त्याच वेळी तुझा फोन आला, जेवलीस का विचारायला. तेवढ्यात डोकं थाऱ्यावर आलं. नोकरी देणारा आपल्याकडेच पैसे का मागेल? 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली आणि तो नंबर ब्लॉक केला.

या कंपनीने पाच ईमेलची उत्तरं लिहून घेतली आणि त्या चाचणीचेसुद्धा पैसे दिले. मग व्हिडिओवर दोन मुलाखती. दुसऱ्या मुलाखतीत त्यांनी पहिलंच विचारलं की वीज गेली तर काय कराल.

बाबा, यात पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. कंपनी भारतात नोंदलेली नाही, म्हणून मी त्यांची कंत्राटी. महिनाअखेरीला मीच बिल करून पाठवायचं, तुम्ही ड्यूटी संपल्यावर वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशेब, भरायचात तसं. पैसे बँकेत रुपयांत जमा होतात, पण कर कोणी कापून घेत नाही, तो मी भरायचा. म्हणून दर महिन्याच्या पैशातला तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवणार आहे आणि पीपीएफही उघडलंय. करार कोणीही 30 दिवसांची नोटीस देऊन मोडू शकतं. ही यातली कच्ची बाजू आहे, ती तुमच्यापासून लपवत नाही.

पण वेळ बघा. तिकडचे नऊ म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. ऑक्टोबर सरताना त्यांची घड्याळं मागे जातात, मग दीड. म्हणजे सकाळ सगळी माझी. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रत्नागिरीला जायचं ते तुम्ही शेजाऱ्यांची गाडी बघून पुढे ढकलत आलात. आता तारीख घ्या. मी नेईन तिला, आणि नंतर थेंबही वेळेवर घालेन.

हो, मी देवरुखला येतेय, पाहुणी म्हणून नाही. पुण्याची खोली या महिन्यात सोडते.

बाबा, माडीवरच्या खोलीतलं भाताचं कणगं खाली घेता येईल का बघा. एकट्याने उचलू नका, गड्याला बोलवा. वायरमनकडून तिथलं अर्थिंग तपासून घ्या. फायबरवाल्याशी मी बोललेय, तो सोमवारी येईल, त्याला मागच्या पडवीतून वायर आणू दे. राउटरसाठी छोटी बॅटरी आणि दुसऱ्या कंपनीचं सिम मी इथून आणते, पावसात लाइट गेली तरी काम अडणार नाही. आणि आई, रात्री नऊपर्यंत माझं काम चालेल. तू जेवून घेत जा, माझ्यासाठी थांबू नकोस.

शनिवारी रात्रीच्या एसटीने निघते.

तुमची,
सुमा