सिनेमावरचा खेळ करताना

क्रॉयडन, लंडन

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नोकरी लागल्याचं ताईने फोनवर सांगितलंच होतं, पण काम काय आहे ते तुझ्या पत्रातूनच कळलं. सिनेमावरचा मारामारीचा व्हिडिओ गेम, आणि सिनेमा लागायच्या सुमारास तो दुकानात हवा. ऑफिसातली जुनी मंडळी आत्तापासूनच हात झटकून बसलीत, ‘असे खेळ पडायचेच’ म्हणतात, हे वाचून मला वाईट वाटलं. ते खरं नाही. असे खेळ का पडतात याची कारणं दाखवता येतात, आणि ज्याचं कारण दाखवता येतं ते टाळताही येतं. म्हणून एकच उदाहरण घेऊन सविस्तर लिहितो. ते मी राहतो त्याच गावातलं आहे.

१९९५ साली जून महिन्यात अमेरिकेत ‘बॅटमॅन फॉरेव्हर’ लागला. दिग्दर्शक जोएल शूमाकर, बॅटमॅन व्हॅल किल्मर, रॉबिन ख्रिस ओडॉनेल, आणि खलनायक दोन: जिम कॅरी आणि टॉमी ली जोन्स. सिनेमाने धो धो पैसा केला. त्याच वर्षी त्यावरचा खेळ सुपर निन्टेन्डो आणि मेगा ड्राइव्ह या टीव्हीला जोडून खेळायच्या घरगुती मशीनवर आला. बाजारात आणला न्यूयॉर्ककडच्या अक्लेम कंपनीने, बनवला इथल्या, क्रॉयडनच्या प्रोब या स्टुडिओने. एकामागून एक गुंड येत राहतात आणि त्यांना लोळवत पुढे जायचं, असा बीट-एम-अप. दोघांना मिळून खेळता यायचा, एकाने बॅटमॅन व्हायचं, दुसऱ्याने रॉबिन. कागदावर यात खोट काढायला जागा नाही. तरीही खेळ लोकांच्या मनातून उतरला, आणि आजही लोक त्याची आठवण काढतात ती चिडूनच.

आता हे लक्षात घे की प्रोबची माणसं कच्ची नव्हती. १९९२ साली मिडवे कंपनीचा ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा एकास एक झुंजीचा खेळ आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, आला. खऱ्या नटांचं चित्रीकरण करून त्यातल्या एकेका चौकटीतून पात्रं बनवलेली, त्यामुळे पडद्यावर हाडामांसाची माणसं लढताहेत असं वाटायचं. १९९३ मध्ये अक्लेमने तो घरगुती मशीनवर आणला आणि त्याची मेगा ड्राइव्हची आवृत्ती याच प्रोबने केली होती. तो तुफान खपला. मग दोनच वर्षांनी बॅटमॅनचं काम हातात आल्यावर त्याच धर्तीवर जायचं ठरलं यात नवल नाही. नटांचे फोटो वापरून केलेली पात्रं, अडवण्यासाठी वेगळं बटण, आणि खास हत्यारांसाठी मागे-पुढे-ठोसा अशा बटणांच्या साखळ्या. माझ्या मते खेळ फसला तो इथेच.

‘मॉर्टल कॉम्बॅट’मध्ये समोर एकच माणूस असतो. तो कुठल्या बाजूला आहे हे कायम माहीत असतं, दोघांची तोंडं आपोआप एकमेकांकडे वळतात, आणि त्याच्या चुकीची वाट बघायला वेळ मिळतो. साखळी चुकली तर मार बसतो, पण का बसला ते कळतं. बीट-एम-अपमध्ये माणसं दोन्ही बाजूंनी येतात. तू पुढच्याला हाणायला मागे-पुढे करायला लागलास की पाठीमागचा तेवढ्यात तुला एक ठेवून देतो. मागे दाबलं की पात्र मागे वळणार की साखळी सुरू होणार, हे बोटांना ठरवता येत नाही. हीच बटणं त्याच खेळातल्या सरावाच्या विभागात वापरून बघ. तिथे एकास एक झुंज लावता येते, आणि तिथे सगळं व्यवस्थित जुळतं. बटणं तीच, पात्रं तीच. गर्दी नाही एवढाच फरक. खेळाच्या पोटातच त्याच्या चुकीचा पुरावा आहे.

माझ्या एका सहकाऱ्याकडे सुपर निन्टेन्डो अजून चालू स्थितीत आहे. मध्यंतरी त्याच्या मुलाला आम्ही हा खेळ लावून दिला, मुद्दाम काहीही न सांगता. पोराचा हात चांगला आहे, मारामारीचे नवे खेळ तो सहज पार करतो. पहिली पातळी म्हणजे अर्कम हे वेड्यांचं इस्पितळ. त्याने पहिले गुंड पाडले आणि मग थांबला, कारण पुढचा रस्ता वरच्या मजल्यावर जात होता. बॅटमॅनकडे त्यासाठी हुक सोडायची बंदूक आहे, पण ती आहे सिलेक्ट बटणावर. सिलेक्ट म्हणजे कंट्रोलरच्या अगदी मध्यावरचं चपटं बटण. एरवी त्याला मेनूपलीकडे काम नसतं. ते दाबायचं तर एका अंगठ्याला आपली जागा सोडावी लागते, आणि तेवढ्यात कोणी अंगावर आलं तर हात रिकामा. मुलाने एक एक करून समोरची सगळी बटणं दाबली, उड्या मारल्या, परत मागे जाऊन भिंती तपासल्या. शेवटी वैतागून त्याने कंट्रोलर वडिलांच्या हातात दिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. हरल्याचा राग वेगळा असतो. हा राग, आपण काय करायचं हेच कळत नाही याचा होता, आणि असा खेळणारा परत येत नाही.

त्यात भर म्हणजे एक भाग संपून दुसरा सुरू होताना पडद्यावर ‘होल्ड ऑन’ असं येतं आणि थांबावं लागतं. सीडीवरच्या खेळांत हे त्या काळी चालून जायचं. या मशीनचे खेळ कार्ट्रिजवर, म्हणजे मशीनमध्ये खोचायच्या डबीत, यायचे, आणि तिथे थांबायची सवय कोणालाच नव्हती. फोटोंची पात्रं जागा फार खातात, प्रत्येक हालचालीच्या चौकटी साठवाव्या लागतात, आणि त्यासाठी कुठेतरी किंमत मोजावी लागते. शिवाय बॅटमॅन काळा, मागची भिंतही काळपट. हाताने काढलेल्या पात्राला कडा देता येतात, ठोसा मारताना मूठ जरा मोठी दाखवता येते, म्हणजे डोळ्याला ती लगेच सापडते. फोटोत मूठ मुठीएवढीच राहते.

(युरोपातली मशीन ५० हर्ट्झची होती, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला ५० वेळा बदलायचं, अमेरिका-जपानची ६० ची. ज्या खेळांत त्यासाठी बदल केला नव्हता ते इथे साधारण सहाव्या हिश्शाने हळू चालायचे. तुमचा खेळ वेगवेगळ्या मशीनवर जाणार असेल तर वेग चौकटींना बांधू नका, वेळेला बांधा. हे तुला माहीत असेलच, तरी लिहितो.)

आता दुसरी बाजू. हाच नायक, हीच मशीन, सिनेमावरचाच खेळ, हाच प्रकार: कोनामीचा १९९३ चा सुपर निन्टेन्डोवरचा ‘बॅटमॅन रिटर्न्स’. तो लोकांना आवडला आणि आजही आवडीने खेळला जातो. त्यात जोडीला कोणी नाही, हत्यारंही मोजकीच. पण बॅटमॅन डावी-उजवीकडेच नाही, जमिनीवर वर-खालीही सरकू शकतो, त्यामुळे दोघांच्या मधून निसटता येतं. विदूषकाच्या वेशातले दोन गुंड दोन बाजूंनी आले की दोघांना धरून त्यांची डोकी एकमेकांवर आपटता येतात. ही युक्ती बघायला झकास आहेच, पण तिचं खरं काम वेगळं आहे: घेरलं गेल्याची अडचण ती एका फटक्यात सोडवते. एखाद्याला उचलून मागच्या काचेवर फेकलं तर काच फुटते. मार लागल्याचं हाताला, डोळ्याला आणि कानाला एकाच क्षणी कळतं. कॅपकॉमने १९८९ मध्ये ‘फायनल फाइट’ हा बीट-एम-अप केला तेव्हाच हे ओळखलं होतं. उडी आणि हल्ला एकदम दाबलं की पात्र गोल फिरून सगळ्यांना उडवतं, त्याबदल्यात थोडी ताकद जाते. दोनच बटणं, आणि वापरायचं की नाही हा निर्णय तुझा.

‘बॅटमॅन फॉरेव्हर’ सिनेमावरचा खेळ म्हणून वाईट झाला, हे मला यासाठीच पटत नाही. प्रोबनेच पुढच्या वर्षी, १९९६ मध्ये, ‘डाय हार्ड ट्रिलॉजी’ केला. तोही सिनेमांवरचा, आणि त्याचं कौतुक झालं. त्यांनी तीन सिनेमांसाठी तीन वेगळ्या तऱ्हेचे खेळ एकाच डिस्कवर दिले. प्रत्येक सिनेमात काय चाललंय ते बघून त्याला शोभेल असा खेळ निवडला. बॅटमॅनच्या वेळी आधी साचा ठरला आणि नायक त्यात बसवला गेला.

तुझ्या साहेबांनी सिनेमातली सगळी हत्यारं खेळात हवीत म्हणून यादी दिली आहे, असं तू लिहिलं आहेस. तिथे मी असतो तर भीडभाड न ठेवता बोललो असतो. तारीख तुमच्या हातात नाही, ती सिनेमावाल्यांची. मग हातात उरतं ते काय गाळायचं एवढंच. यादीतली निम्मी हत्यारं काढा, पातळ्या कमी करा, पण साधा ठोसा नीट लागेपर्यंत पुढे जाऊ नका. ठोसा लागताच दोघांनाही क्षणभर जागीच गोठवणं, आवाज नेमका त्याच क्षणी येणं, गुंड किती अंतरावर पडतो, एका वेळी किती जण प्रत्यक्ष हल्ला करतात आणि बाकीचे कुठे घुटमळतात, यावर जे दिवस घालवशील ते वाया जाणार नाहीत. नटाचा चेहरा हुबेहूब यावा म्हणून निर्माते आग्रह धरतील, पोस्टरसाठी ते त्यांना लागतंच. पण पडद्यावर पात्र अंगठ्याएवढं दिसणार आहे, आणि त्या आकारात चेहऱ्यापेक्षा खांदे आणि मुठी जास्त बोलतात.

साहेब जुने असले तरी त्यांच्याशी वाद घालताना आवाज चढवू नकोस. दोन्ही बॅटमॅन शेजारीशेजारी लावून दे आणि त्यांच्या हातात कंट्रोलर दे.

मी बरा आहे. चाचणीचं काम सध्या रात्रीपर्यंत चालतं, त्यामुळे उत्तराला उशीर झाला. ताईला आणि भावजींना नमस्कार सांग. रात्री जागून काम करतोस असं ताई म्हणत होती. शेवटच्या महिन्यात जागावंच लागेल, तेव्हा आत्ता झोपून घे.

पहिल्या पातळीचं खेळण्याजोगं काही तयार झालं आणि कंपनीने परवानगी दिली तर मला पाठव. कुठलं बटण कशासाठी आहे ते मात्र आधी कळवू नकोस.

तुझा,
मामा