लॅमिंग्टन रोडच्या दुरुस्तीवाल्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

ग्रँट रोड स्टेशनवर उतरून तुमच्या काउंटरपर्यंत येणाऱ्या बहुतेकांची तक्रार ठरलेली असते, "इयरफोनचा बास गेलाय, नवीन जोडी दाखवा." नवीन जोडी दाखवणं सोपं असतं आणि त्यात पैसेही जास्त सुटतात. तुम्ही मात्र आधी विचारता, "रबर कुठलं लावलंय?", म्हणजे कानात जाणाऱ्या टोकावरची मऊ टोपी कुठली, आणि कप्प्याकप्प्यांचा तो डबा पुढे सरकवता. कितीतरी जण नुसतं रबर बदलून, तीच जुनी जोडी कानात घालून, हसत परत जातात. रेकॉर्डिंगच्या कामापायी दिवसभर कानात इयरफोन असलेली आम्ही मंडळी त्याबद्दल तुमचे जाहीर आभार मानतो. तुम्ही समजावता ते कुठल्याही खोक्यावर छापलेलं नसतं, म्हणून जरा तपशिलात लिहितोय.

तुमचा पहिला मुद्दा हवेचा. कानात घालायचा इयरफोन खोलीतल्या स्पीकरसारखा काम करत नाही. रबर आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये जेमतेम एक-दीड घन सेंटीमीटर हवा कोंडली जाते आणि ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाचा, इवलासा पडदा त्या हवेवर दाब टाकतो. हवा नीट कोंडलेली असेल तर तेवढ्याशा हालचालीतून खर्जाचे सूर पुरेपूर उभे राहतात. केसाएवढी फट राहिली तरी हळूहळू बदलणारा दाब तिथून निसटतो. तो बदल जितका संथ, तितकं निसटणं जास्त, म्हणून आधी खालचे सूर जातात. वरचे सूर जागच्या जागी राहतात. मग ऐकणाऱ्याला आवाज पातळ, कर्कश लागतो आणि तो म्हणतो, "हा पीसच खराब आहे."

फट ओळखण्यासाठी तुम्ही तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग न लावता डग्ग्याचं लावता, हे आम्हाला फार आवडलं. काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर बोलते, म्हणजे खालच्या सुरांची परीक्षा तिच्यावरच व्हावी असं कुणालाही वाटेल. पण जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तारेला येणाऱ्या झणकारामुळे, त्या तारेत मूळ सुराच्या पटीतले वरचे स्वरांश इतके भरलेले असतात की मूळ सूर गळून पडला तरी मेंदू तो आपल्या हिशेबानं भरून काढतो. फट असतानाही खर्ज ऐकू आल्याचा भास होतो. डग्ग्याच्या घुमाऱ्याला असा आडोसा नाही. त्याचा बहुतेक जीव मूळ सुरातच असतो. फट असेल तर घिस्सा ओढल्यावर नुसती हाताची घासण ऐकू येते, "घें" उमटतच नाही. पखवाजाची कणीक लावलेली डावी बाजूही याला तितकीच चालते.

दुसरी परीक्षा तर बिनखर्चाची. दोन्ही इयरफोन घालायचे, गाणं बंद ठेवायचं आणि तोंड मिटून "म्म्म" असा लांब सूर धरायचा. कान बंद झाला की आपलाच आवाज डोक्यात घुमतो, कारण हाडांतून आणि कानाच्या नळीच्या मऊ भिंतीतून आलेला आवाज बाहेर जायला वाट राहत नाही. दोन्हीकडे सारखं घुमलं तर दोन्ही बाजू बंद आहेत. आवाज उजवीकडे सरकला तर उजवी बाजू बंद आहे आणि फट डावीकडे आहे. लोक नेमकं उलटं समजतात आणि ज्या कानात जास्त घुमतंय त्याचंच रबर बदलायला घेतात.

मापाबद्दल तुम्ही धरता तो आग्रह प्रत्येक विकणाऱ्यानं धरावा. मोठ्या माणसाच्या कानाची नळी सुमारे २५ मिलीमीटर लांब आणि ७ मिलीमीटर रुंद, पण ती सरळ नसते, तिला दोन हलकी वळणं असतात. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, लवचिक. आतला हाडाचा. डावा आणि उजवा कान एका मापाचे असतीलच असं नाही, त्यामुळे एकीकडे मधलं आणि दुसरीकडे मोठं रबर लागलं तर त्यात काही चुकीचं नाही. रबर लहान झालं तर ते आत सुळकन जातं, छान बसल्यासारखं वाटतं आणि फट ठेवतं. मोठं झालं तर आत जाताना त्याच्या कडेला घडी पडते आणि त्या घडीतूनच हवा निसटते. म्हणजे दोन्ही चुकांचा आवाज सारखाच, पातळ. म्हणून "बास नाही" एवढ्यावरून माप ठरवता येत नाही. घालून पाच मिनिटांनी कान दुखला तर रबर मोठं, बोलताना किंवा काही चावताना सैल झालं तर बहुधा लहान. जबडा हलला की कूर्चेच्या भागाचा आकार बदलतो, त्यामुळे तोंड उघडून-मिटून बघितल्याशिवाय माप पक्कं करायचं नाही.

घालण्याची तुमची पद्धत तर आम्ही नव्या प्रत्येकाला जशीच्या तशी दाखवतो. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची कड वर आणि मागे ओढायची. त्यानं नळीची वळणं सरळ होतात. तोंड किंचित उघडायचं, इयरफोन थोडा फिरवत आत न्यायचा, कान सोडायचा आणि मग तोंड मिटायचं. रबर किंचित ओलसर असेल तर सहज सरकतं. वायर कानावरून मागे घ्यायची असेल तर ती आधी कानावर ठेवायची, नाहीतर वायरच्या ओढीनं आतला कोन बदलतो. वायर कपड्याला घासल्याचा खरखर आवाजही कानावरून घेतल्यानं खूप कमी होतो, उरलेला शर्टाच्या चिमट्यानं जातो.

आत घालताना काही इयरफोनांतून चुरचुर असा आवाज येतो, त्याला लोक घाबरतात. आत दाबली गेलेली हवा ड्रायव्हरच्या पातळ पडद्याला वाकवते, त्याचा तो आवाज. हळू घातलं, तोंड उघडं ठेवलं की बहुतेक वेळा थांबतो. काढताना मात्र खसकन ओढायचं नाही. आधी थोडं फिरवून हवा आत येऊ द्यायची, मग काढायचं. झटक्यानं काढल्यावर आत जी ओढ बसते ती इयरफोनच्या पडद्यालाही वाईट आणि कानाच्या पडद्यालाही.

इयरफोन कानात किती खोल बसतो, हा मुद्दा लोकांना पटायला वेळ लागतो. उघड्या कानाची नळी ३ हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपसूक वाढवते. इयरफोननं ती बंद केली की ही वाढ जाते, म्हणून चांगला इयरफोन ती स्वतः भरून देतो. पण बंद नळीत एक नवीन टोक तयार होतं, म्हणजे एका ठरावीक जागचा आवाज फाजील वाढतो. मोजणीच्या कृत्रिम कानात ते साधारण ८ हजार हर्ट्झवर धरतात. इयरफोन वरवर बसला तर मधली पोकळी लांब होते आणि हे टोक खाली, सहा-सात हजारांकडे सरकतं. नेमके तिथेच "स" आणि "श" टोचतात, भजनातले टाळ कानात खुपतात. आत गेला की टोक वर सरकतं आणि बरंचसं निवतं. हे शोधायला तंबोरा उत्तम. जवारीचा झणकार एकसारखा पसरलेला लागायला हवा. एखादाच स्वरांश शिट्टीसारखा वर आला तर इक्वलायझरला हात लावण्याआधी रबर बदलावं, दोन-तीन मिलीमीटर आत न्यावं आणि पुन्हा ऐकावं. कडा इयरफोनच्या नळीच्या टोकापुढे लांब येणारं रबर आणि तोकडं रबर यांच्यातला फरक एवढ्यानंच कळतो. रबराच्या भोकाचंही तसंच, रुंद भोकातून वरचे सूर मोकळे येतात, अरुंद भोक ते दाबतं.

फोमच्या टिपांबद्दल तुम्ही दोन्ही बाजू सांगता, नुसती विक्री करत नाही, हे मुद्दाम नोंदवतो. ज्यांच्या कानाला कुठलंच रबर बसत नाही त्यांना फोम वरदान आहे. बोटांत गोल फिरवत बारीक करायचा, लगेच आत घालायचा आणि फुगेपर्यंत वीसेक सेकंद बोटानं धरून ठेवायचा. हे धरून ठेवणंच लोक विसरतात, मग फोम फुगता फुगता स्वतःला बाहेर ढकलतो. फोम वरचे सूर थोडे शोषतो, त्यामुळे टोचरा इयरफोन सुसह्य होतो आणि आधीच मऊ असलेला मंद होतो. मुंबईच्या घामात फोम लवकर चिकट होतो, फुगायचा थांबतो. रोज वापरणाऱ्यानं एक-दोन महिन्यांत बदलायची तयारी ठेवावी.

इयरफोनच्या नळीची जाडी न बघता रबर घेणं हीदेखील नेहमीची चूक. बऱ्याच इयरफोनांची नळी ४ ते ६ मिलीमीटरची, काहींची ३ च्या आसपास. सैल रबर काढताना कानातच राहतं. तसं झालं तर पिन, काडी काही घालायचं नाही. कड बाहेर दिसत नसेल तर थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं.

आता तुमच्या टेबलावरच्या दिव्याखालचं काम. "एक बाजू मेली" म्हणून आलेला इयरफोन तुम्ही लगेच उघडत नाही. आधी डावा उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात धरायला लावता. मंदपणा त्याच कानात राहिला तर गडबड कानात किंवा बसण्यात, इयरफोनबरोबर सरकला तर इयरफोनमध्ये. मग वायर सुटी होत असेल तर तिच्या बाजू बदलून वायर की ड्रायव्हर ते ठरतं. एवढ्या दोन मिनिटांत निम्मी दुरुस्ती होते. पुष्कळदा दोष जाळीतच निघतो. भिंगाखाली तिच्यावर कानातल्या मळाचा पिवळट थर दिसतो, मेणासारखा. तुम्ही नळीचं तोंड खाली करून धरता आणि कोरड्या मऊ ब्रशनं अगदी हलके झटकता, म्हणजे सुटलेला कण आत न जाता खाली कागदावर पडतो. तोंड वर ठेवून घासणारे तोच मळ ड्रायव्हरवर ढकलतात. जाळीला सुई लावायची नाही, फुंकर मारायची नाही, कारण फुंकरीत ओल असते. रबरं काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवायची आणि पूर्ण वाळल्यावरच चढवायची. आणि मंदपणा कानातच निघाला तर तुम्ही स्वच्छ सांगता, "कापसाची काडी घालू नका, मळ आत दाबला जातो, डॉक्टरांना दाखवा." हे सांगून तुमचं गिऱ्हाईक तुम्ही डॉक्टरांकडे पाठवता, याचं आम्हाला मोल आहे.

सुट्या वायरीच्या दोन पिनांच्या इयरफोनची एक गंमतही तुम्हीच दाखवली. ०.७८ मिलीमीटरची ती पिन काही जोड्यांत उलटीही बसते. एकच बाजू उलटी लागली की आवाज दोन्हीकडून येतो, पण खर्ज विरतो आणि गायकाचा गळा मधोमध न येता डोक्याभोवती पसरतो. रबर दहादा बदलूनही बास आला नाही, तर ही पिन बघावी.

फोन आणि त्याला वायरचा इयरफोन जोडणाऱ्या कन्व्हर्टरबद्दल थोडक्यात. आर्मेचर ड्रायव्हरच्या (पडद्याऐवजी इवल्या चुंबकी पात्यावर चालणाऱ्या) इयरफोनचा रोध सुरागणिक बदलतो, म्हणून यंत्राचा स्वतःचा रोध त्याच्या आठव्या भागाहून कमी असावा. १६ ओहमचा इयरफोन असेल तर २ ओहमच्या आत. नाहीतर तोच इयरफोन दुसऱ्या यंत्रावर वेगळाच वाजतो. आणि ब्लूटूथच्या इयरबडचा आवाज मीटिंग सुरू होताच डबड्यासारखा झाला तर तो बिघडलेला नाही. माइक चालू झाला की जोडणी बोलण्याच्या पद्धतीवर जाते आणि आवाज एकपदरी, कमी दर्जाचा होतो. माइक लॅपटॉपचा निवडला की पूर्ववत.

सगळ्यात जास्त आभार आवाजाच्या पातळीबद्दल. लोकलच्या खडखडाटात सैल इयरफोन लावलेली पोरं आवाज शेवटापर्यंत नेतात, कारण खालचे सूर गाडी खाते आणि उरलेले फटीतून जातात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१९ मध्ये जाहीर झालेल्या मानकात मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी मर्यादा आहे, मुलांसाठी ७५. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० वर आठवड्याचे चारच तास उरतात, म्हणजे रोजच्या विरार-चर्चगेट प्रवासात दोन दिवसही निभत नाहीत. नीट बसलेलं रबर बाहेरचा आवाज वीसेक डेसिबल अडवू शकतं, मग त्याच डब्यात आवाज कितीतरी खाली ठेवून सगळं स्पष्ट ऐकू येतं. तुम्ही हे प्रत्येक कॉलेजवाल्या मुलाला सांगता, रांग लागलेली असली तरी सांगता. आणि सोबत हेही बजावता की रूळ किंवा रस्ता ओलांडताना दोन्ही काढ, कारण चांगलं बसलेलं रबर हॉर्नही अडवतं.

पावसाळ्यात डब्यात ठेवायला सिलिका जेलच्या पुड्या पुरत नाहीत असं मागे म्हणाला होतात. औषधांच्या बाटल्यांतल्या साठवल्या आहेत, पुढच्या शनिवारी घेऊन येतो. मधल्या मापाची अरुंद नळीची रबरं संपत आली असतील तर तेवढी आमच्यासाठी चार जोड्या बाजूला ठेवा.

आपले,
रेकॉर्डिंगवाली मंडळी