शेडिंग का सोडलं

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

परवा बाबांनी विचारलं, "तुझ्या चित्रांतलं शेडिंग गेलं कुठे? इंटरमिजिएटला तर ए ग्रेड होती." फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहिते आहे.

शेडिंग मी ठरवून सोडलं, आणि त्याला कारण एर्जे. १९२९ साली ब्रुसेल्समध्ये टिनटिन ही चित्रकथा सुरू करणारा चित्रकार. त्याची रेषा सगळीकडे जवळपास एका जाडीची, रंग सपाट, सावली अगदी क्वचित. बघणाऱ्याला वाटतं, यात काय अवघड आहे? पण त्याची पेन्सिलची पानं पाहिली की कळतं. पाठीच्या एका वळणासाठी रेषांवर रेषा, नुसतं जंजाळ. त्यातली नेमकी एक निवडून तो ती स्वच्छ कागदावर ट्रेस करायचा आणि मग शाई. ती निवड मला शिकायची आहे.

मध्यंतरी आईला मेथी निवडताना काढत होते. एरवी मांडी आणि पदर यांच्यामधली जागा काळी करून निभावलं असतं. आता पदराखाली गुडघा कुठे येतो ते ठरवावंच लागलं. आई, तू डावा गुडघा उभा ठेवून बसतेस. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून हे मला चित्र काढताना दिसलं!

बाबा, नक्कल होईल अशी काळजी नको. माझी रेषा एका जाडीची राहत नाही आणि मी ती राहू देत नाही. नऊवारीच्या निऱ्यांना जाड-बारीक रेषाच शोभते. एर्जेकडून घ्यायचं ते वेगळंच. टिनटिनचा चेहरा म्हणजे दोन ठिपके आणि इवलंसं नाक, पण मागची मोटार, जहाज अगदी खरं. 'ब्लू लोटस' या टिनटिनच्या पुस्तकातल्या शांघायच्या पाट्यांवरची चिनी अक्षरं तर त्याने चँग या चिनी मित्राकडून लिहून घेतली. माणूस साधा, पण त्याच्या भोवतालचं जग चोख, हे मला फार पटतं.

म्हणूनच एक काम आहे. आजोळच्या घरावर चित्रकथा करते आहे. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा विहिरीच्या रहाटाचे फोटो काढा. लांबून नकोत. चाक कुठे अडकवलंय, दोर कुठे गुंडाळून ठेवतात, ते जवळून दिसू दे. आणि बाबा, शक्य झालं तर हाताने एक स्केचही करा. शेडिंगसकट चालेल.

तुमची,
मनू