गुरुवारच्या नाताळाला धावून आलेल्या बाईंना

नमस्कार बाई,

नाव अजिबात टाकायचं नाही असं तुम्ही बजावून ठेवलंय म्हणून नुसतं बाई लिहितेय, पण लिहिणार मात्र सगळ्यांसमोरच. फोनवर मला नीट बोलताच आलं नाही, घसा भरून आला आणि तुम्ही लगेच "बरं बरं, डबे कधी पाठवतेस" म्हणून विषय बदललात.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. आमची सून वसईची, ख्रिश्चन. लग्नानंतरचा तिचा आमच्या घरातला हा पहिलाच नाताळ, तिचे आईवडील वसईहून येणार, शिवाय बिल्डिंगमधली मंडळी, मुलाच्या ऑफिसातली पोरं आणि आमचे नातेवाईक. पंगत वगैरे नको, संध्याकाळी येतील तसे येतील, उभ्या उभ्या खातील, गप्पा मारतील, म्हणून स्नॅक बार करायचं ठरलं. तेही मुलानेच ठरवलं आणि एका इव्हेंटवाल्याला पकडलं. त्याचं नाव लिहीत नाही. पण अ‍ॅडव्हान्स घेताना काय तो उत्साह! लाल-सोनेरी फुग्यांची कमान, सेल्फी कॉर्नर, नकली बर्फ, व्हॉट्सअपवर फोटोंचा नुसता पाऊस. आणि नाताळ तोंडावर आल्यावर "मॅडम टीम दुसरीकडे गेलीय, बघतो काहीतरी" आणि मग फोन बंद तो बंदच. पैशाचं दुःख आहेच, नाही कशाला म्हणू. पण आता आठवलं की जास्त राग याचा येतो की इतक्या बोलण्यात त्या माणसाने एकदाही विचारलं नाही की घरी येणार कोण आहे. त्याचा प्रश्न एकच, "पॅक्स किती?" म्हणजे डोकी किती.

आणि नातेवाईकांचं काय सांगू. एक काकू म्हणाल्या, "आता काय घरात गव्हाणीपण मांडणार का?" हो काकू, मांडली. आणि प्लम केकच्या रांगेत तुम्हीच पहिल्या होतात हे सगळ्यांनी पाहिलंय.

तर असं सगळं गळ्याशी आलेलं असताना तुमचा नंबर मिळाला. कोणी दिला, कसा दिला ते राहू दे. मी घाबरत घाबरत फोन केला, ओळख ना पाळख, त्यात नाताळचे दिवस म्हणजे तुमच्याच घरी किती काम, चर्च, कॅरोल्सवाली मुलं, आल्यागेल्याचं. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि विचारलंत, "येणाऱ्यांत म्हातारी माणसं किती, पोरं किती, आणि कोणाचं काय खायचं नसतं?" मी सांगत गेले. अंडं न खाणारे बरेच, एक जण डायबेटिसवाले, आणि सासूबाईंचा गुरुवार. तो मी अगदी जाता जाता सांगितला, कारण यंदा पंचवीस तारीख नेमकी गुरुवारी आली आणि आमच्या सासूबाईंचा गुरुवारचा उपवास माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा. त्यांनी आधीच जाहीर केलं होतं की मी माझ्या खोलीत बसेन, तुमचं चालू द्या. आम्ही पण म्हणालो ठीक आहे. खरं सांगते, कोणाला त्यात काही वावगं वाटलंच नाही.

तुम्ही आलात ते रिक्षातून डबे घेऊन, सोबत तुमची नात, आणि आल्या आल्या पहिलं काम काय केलंत तर आमचं डायनिंग टेबल भिंतीपासून ओढून हॉलच्या मध्ये आणलंत म्हणजे दोन्ही बाजूंनी माणसं फिरतील. गरम पेयांचं टेबल वेगळं, लांब, दाराकडे, नाहीतर म्हणे सगळे कप घेऊन तिथेच थबकतात आणि मागचे उपाशी. स्टीलचे डबे पालथे घालून त्यावर माझीच जुनी लाल काठाची साडी पसरून तुम्ही असे उंच-सखल टप्पे केलेत की त्या इव्हेंटवाल्याच्या कमानीची आठवणसुद्धा कोणाला झाली नाही. एका बाजूला अंड्याचं, दुसऱ्या बाजूला बिनअंड्याचं, प्रत्येक ताटाला वेगळा चिमटा, आणि बिल्डिंगमधल्या पोरांना कामाला लावून पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, हिरवा ठिपका म्हणजे बिनअंड्याचं, तपकिरी त्रिकोण म्हणजे अंडं, अगदी बिस्किटाच्या पुड्यावर असतं तसं.

कुलकुल, म्हणजे नाताळचे ते तळलेले छोटे गोड शंख, त्यांचं पीठ तुम्ही मुद्दाम कच्चंच आणलंत. पोरांना काट्यावर पिठाची गोळी दाबून गुंडाळायला शिकवलंत, तेव्हा कोणीतरी विचारलं की आजी तुम्ही कुठे राहता, तर तुम्ही आपल्या नाशिकातल्या शरणपूरची गोष्ट सांगितलीत, एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे मिशनऱ्यांच्या शाळेत शिकायची, सुतारकाम-लोहारकाम शिकायची, आणि त्यांच्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या त्या प्रसिद्ध डॉ. लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवाबरोबर १८७४ मध्ये पार लंडनला गेला. मी इतकी वर्षं त्या रस्त्याने जातेय, मला हे माहीत नव्हतं. पोरं तर हातातली गोळी तशीच धरून ऐकत होती, अर्धे कुलकुल त्यामुळेच वाकडे झाले.

विहीणबाई आल्या त्या पाहुण्या म्हणून जरा अवघडून बसल्या होत्या. तुम्ही त्यांना सरळ किचनमध्ये बोलावलंत, "वसईचे फुगे मला जमत नाहीत, तुम्ही तळा, मी बघते." तुम्हाला जमत नाहीत यावर माझा अजून विश्वास नाही. पण त्या तळायच्या गोल फुग्यांचं नारळाच्या दुधातलं पीठ हातात आल्यावर विहीणबाई ज्या बोलायला लागल्या त्या रात्रीपर्यंत थांबल्या नाहीत. करंज्या बघून आमच्याकडच्या बायकांना आश्चर्य, हे तर आपलंच! तुम्ही हसून म्हणालात की आमच्याकडे दिवाळीच्या फराळाचा सोऱ्या आणि नाताळचा सोऱ्या काय वेगळा असतो का, चकली ती चकली.

नाशिकची डिसेंबरची थंडी तुम्हाला माहीतच आहे, निफाडकडे पारा घसरला की आपल्याकडे गॅलरीत उभं राहवत नाही. वाइनचं गाव म्हणून मुलाच्या मित्रांना वाइन हवी होती, तुम्ही म्हणालात पोराबाळांचं घर आहे, आणि द्राक्षाचा रस दालचिनी, लवंग आणि संत्र्याची साल घालून गरम केलात, थर्मासात भरून ठेवलात. बागलाणची अर्ली द्राक्षं बाजारात आलीच होती. त्या पोरांनीच सगळ्यात जास्त कप रिकामे केले. केकमधला सुकामेवासुद्धा तुम्ही रममध्ये न भिजवता द्राक्षरसातच भिजवला होतात, हे मला नंतर कळलं.

पण बाई, हे पत्र ज्याच्यासाठी लिहितेय ते हे नाहीच.

टेबल लागल्यावर मी सगळं बघत फिरत होते, तर अगदी मधोमध, केकच्या शेजारी, सगळ्यात उंच टप्प्यावर एक ताट. त्यात पेरूची वडी, काजूचं मार्झिपॅन, खजुरात अक्रोड भरलेले. बाकीच्या गोडासारखेच चांदणीचे आणि पानांचे आकार, वड्यांवर तीच चमक. चिठ्ठीवर तुमच्या शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात "उपवासाला चालेल". मी तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही म्हणालात, "कढई नवीन होती, लोणी नाही घातलं, तूप घातलं. मार्झिपॅनचा रंग बिटाचा. आजींना सांग."

मी सांगितलंच नाही, तुम्हालाच आत पाठवलं. काय बोललात दोघी कोण जाणे, पण थोड्या वेळाने सासूबाई बाहेर आल्या त्या चांगली साडी नेसून, आणि त्या ताटाशेजारी खुर्ची टाकून बसल्या. स्वतः दोन वड्या खाल्ल्या आणि मग येईल त्याला "हे घे, हे माझ्यातलं आहे" म्हणून वाढायला लागल्या. सुनेच्या वडिलांना तर आग्रह करकरून. ते बिचारे डायबेटिसवाले, तेच ते, पण त्यांनी अर्धी वडी घेतलीच. सून माझ्या शेजारी उभी होती, तिने माझा हात धरला आणि काही बोलली नाही, मीही बोलले नाही.

आम्ही त्यांना उपवासाचं द्यायला विसरलो असतो असं नाही हो. दिलं असतं, साबुदाण्याची खिचडी केलेलीच होती, खोलीत नेऊन दिली असती वाटीत. पण टेबलाच्या मध्यावर, सगळ्यांच्या बरोबरीचं, सगळ्यांसारखंच सजवलेलं, हे आमच्या घरातल्या एकालाही सुचलं नाही. तुम्ही सासूबाईंना कधी पाहिलंही नव्हतं. फोनवर जाता जाता बोललेलं एक वाक्य होतं ते.

हल्ली सगळीकडे धर्माधर्मावरून काय काय वाचायला लागतं, व्हॉट्सअपवर सकाळी उठल्या उठल्या कोणीतरी काहीतरी पाठवलेलंच असतं. त्यातलं कोण खरं कोण खोटं ते मला ठरवता येत नाही आणि आता ठरवायचंही नाही. दुसऱ्याच्या उपवासाची काळजी करणारी, त्यासाठी आपल्या सणाच्या गडबडीत नवीन कढई काढणारी माणसं आपल्याच गावात राहतात, आणि ती पत्रकं वाटत नाहीत, फोटो टाकत नाहीत, नाव टाकू नको म्हणतात. पॅकेजवाल्यांना मात्र बॅनरवर फोटो लागतो.

आता भांडणाचं. तुम्ही फक्त मैदा, तेल आणि द्राक्षांचे पैसे घेतलेत. काजूचे नाहीत, मेव्याचे नाहीत, रिक्षाचे नाहीत आणि मेहनतीचं तर नावच काढू दिलं नाहीत. हे चालणार नाही बाई. काजूचा भाव मला माहीत आहे. नातीला मी पाकीट देत होते तर तिने तुमच्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला, कसली शिस्त लावलीय तुम्ही!

दुसरं म्हणजे, फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा असते तेव्हा सासूबाईंना तुमच्याबरोबर यायचंय. आम्ही नेतो म्हटलं तर नको म्हणाल्या, बाईंबरोबरच जाणार, गर्दीत आम्ही दोघी सावकाश चालू. गुरुवार नाही ना तेवढं बघून सांगा.

आणि तोवर काजूचे पैसे कळवा, नाहीतर त्या स्वतः फोन करणार आहेत आणि त्यांच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या खानदानात तरी नाही.

तुमची,
गंगापूर रोडवरची, सुनेची सासू आणि सासूची सून