गुण छायाचित्रांना की कामाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांच्या समाजसहभाग प्रकल्पांचे कौतुक करणारी आपली कालची बातमी वाचली. किती विद्यार्थी किती गावांत गेले, हे आकडे खरे असतीलच. परंतु ते परतल्यावर गावाच्या हाती काय राहिले, याबद्दल तीत एक ओळही नाही, म्हणून हे पत्र.

माझी नात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी तिने आमच्या गावातील एका महिला बचत गटाचा हिशोब घेतला. दप्तर चाळताना तिच्या लक्षात आले की, १०,००० रुपये कर्ज घेऊन दरमहा १,००० रुपये मुद्दल फेडणाऱ्या एका बाईंकडून महिना २ टक्के व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच घेतले गेले होते. दहा महिन्यांत त्यांनी २,००० रुपये व्याज भरले. घटत्या, म्हणजे दरमहा शिल्लक राहणाऱ्या मुद्दलावर ते १,१०० रुपयेच होते. या बाई रोजमजुरीला जातात. त्यांच्या दृष्टीने ९०० रुपये ही मोठी रक्कम आहे. नातीने ओसरीच्या फरशीवर खडूने महिनावार आकडे मांडून सचिवताईंना ते समजावून दिले, चार संध्याकाळी बसून खातेवही दुरुस्त केली आणि पुढच्याच बैठकीत गटाने जास्तीचे व्याज परत करण्याचा ठराव घेतला.

महाविद्यालयाने मात्र तिचे गुण कापले, कारण अहवालात जिओटॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेली छायाचित्रे नव्हती. बायकांच्या कर्जाची पाने उघडी असताना मोबाइल काढणे तिला प्रशस्त वाटले नाही, आणि तिचे काहीही चुकले नाही असे माझे ठाम मत आहे. एका दुपारी येऊन ग्रामपंचायतीसमोर हातात झाडू घेऊन छायाचित्र काढणाऱ्या गटाला त्याच प्रकल्पात पूर्ण गुण मिळाले.

श्रमदानाला मी कमी लेखत नाही. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मी स्वतः विद्यार्थिदशेत दगड वाहिले आहेत. परंतु २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर समाजसेवेला श्रेयांक (पदवीसाठी मोजली जाणारी क्रेडिट) मिळू लागले, ते वर्गात शिकलेला विषय लोकांच्या खऱ्या अडचणीला लावून पाहावा आणि त्यातून काय उमगले ते विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावे, यासाठी. घटत्या मुद्दलावरचे व्याज माझ्या नातीला पुस्तकातून पाठ होते. ते समजले त्या ओसरीवर.

शिवाय एका श्रेयांकासाठी ३० तासांचे काम धरतात. आमच्या गावची संध्याकाळची एसटी बंद झाल्यापासून बाहेरगावच्या मुलींनी हे तास कसे भरायचे, याचाही विचार संबंधितांनी करावा.

माझी विनंती एवढीच की, गुण देण्यापूर्वी ज्यांच्यासाठी काम झाले त्यांचा लेखी अभिप्राय घ्यावा आणि अहवालाची एक प्रत त्यांच्याकडे ठेवणे बंधनकारक करावे. नातीने तिची प्रत गटाच्या दप्तरात ठेवली आहे. ज्या प्राध्यापकांना ती पडताळायची असेल, त्यांनी गटाच्या बैठकीच्या दिवशी अवश्य यावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. औसा, जि. लातूर